‘बाहेरून’ केलेली पदवी आणि नोकरीचं दार

लोकलमध्ये दाराशी उभे असाल, शिफ्ट संपवून घरी निघाला असाल किंवा दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून दहा मिनिटं मोकळी मिळाली असतील, तर आजचा एपिसोड तुमच्यासाठी आहे. विषय आहे नोकरी सांभाळून घेतलेली पदवी. ओपन युनिव्हर्सिटीची, डिस्टन्सची, जुन्या लोकांच्या भाषेत करस्पॉन्डन्सची. आणि प्रश्न अगदी सरळ आहे. या पदवीनं नोकरी मिळते का? मिळत असेल तर कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, आणि हा फरक कुठून येतो?

आपल्याकडे या शिक्षणाला एक शब्द आहे, ‘बाहेरून’. “मुलगी काय करते?” “बी.ए. करतेय, बाहेरून.” दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरला तरी ‘बाहेरून’, आणि मुक्त विद्यापीठातून एम.ए. केलं तरी ‘बाहेरून’. सांगणारा आवाज जरा खाली आणतो, ऐकणारा “अच्छा” म्हणतो आणि विषय बदलतो. तुम्ही तीन वर्षं कामावरून येऊन रात्री अभ्यास केलेला असतो, रविवारी अभ्यासकेंद्रावर गेलेला असता, परीक्षेसाठी बिनपगारी रजा टाकलेली असते. ते सगळं त्या एका शब्दात जातं. आज आपण त्या शब्दाच्या आत काय काय भरलंय ते बघूया.

आपण किती आहोत?

आधी एक गैरसमज काढू. हे मूठभर लोकांचं शिक्षण नाहीये. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी सुमारे ४ कोटी १४ लाख होते. त्यातले जवळपास ४५ लाख ७१ हजार दूरशिक्षणात होते. म्हणजे दर नऊ विद्यार्थ्यांमागे एक. आणि या ४५ लाखांत जवळपास २१ लाख मुली आणि बायका आहेत. देशातल्या दर नऊ विद्यार्थ्यांपैकी एक जण ‘बाहेर’ असेल, तर आपली ‘आत’ची कल्पनाच जरा तपासायला हवी.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं घर म्हणजे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बारावी न झालेल्या माणसाला पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसता येईल, अशी सोय या विद्यापीठानं कितीतरी वर्षं ठेवली होती. लग्नामुळे शाळा सुटलेल्या बायका, गिरणीत किंवा शेतात लागलेले पुरुष, पोलीस, एसटीचे कर्मचारी, अंगणवाडी सेविका अशी माणसं त्या वाटेनं पदवीपर्यंत पोचली. त्याआधी १९८५ मध्ये देशपातळीवर इग्नू आलं होतं. आणि त्याच्याही आधी, १९७१ पासून, मुंबई विद्यापीठाचा पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग होता. तोच पुढे ‘आयडॉल’ म्हणून ओळखला गेला.

म्हणजे ही सोय नवी नाही, छोटी नाही आणि बेकायदा तर अजिबातच नाही. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीत बावीसावा नियम आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून, मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची दूरशिक्षणानं घेतलेली पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं तो सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं पत्रक काढून ते पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे एमपीएससी असो, यूपीएससी असो की बँकेची भरती असो, जिथे पात्रता फक्त ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी’ अशी आहे, तिथे तुमचा अर्ज इतर कोणाच्याही अर्जाइतकाच चालतो.

कागदावर सगळं समान आहे. मग गाडी अडते कुठे?

एक पदवी, तीन माणसं

समजा तीन जणांनी एकाच वर्षी, एकाच विद्यापीठातून, एकच पदवी घेतली. दूरशिक्षणाचं बी.कॉम. म्हणू.

पहिला आहे पोलीस शिपाई. वय बत्तीस. नोकरी पक्की, पगार दर महिन्याला खात्यात. पदवी झाली की खात्यांतर्गत परीक्षा, वरचं पद, वेतनश्रेणी अशा गोष्टी त्याच्यासाठी मोकळ्या होतात. साहेब त्याला विचारत नाही की बाबा, तू रेग्युलर का नाही केलंस. सेवापुस्तकात नोंद झाली, विषय संपला.

दुसरा आहे पुण्यातला सी.ए. करणारा मुलगा. सकाळी क्लास, दिवसभर आर्टिकलशिप. कॉलेजला जायला वेळ नाही म्हणून त्यानं बी.कॉम. बाहेरून केलं. त्याच्या आजूबाजूच्या निम्म्या पोरांनी तेच केलंय. मुलाखतीत त्यालाही कोणी विचारत नाही. उलट लोक म्हणतात, “हुशार आहे, वेळ वाया नाही घालवला.”

तिसरी आहे इचलकरंजीची मुलगी. वय बावीस. वडील यंत्रमागावर. बारावी झाल्याबरोबर ती कापडाच्या दुकानात बिलिंगला लागली, कारण धाकट्या भावाची फी होती. तीन वर्षं दुकान सांभाळून तिनं बी.कॉम. केलं. आता ती पुण्यात ऑफिसची नोकरी शोधतेय. आणि तिला पहिलाच प्रश्न येतो, “रेग्युलर का नाही केलं?”

प्रश्न एकच आहे, पण तो विचारला जातो फक्त तिसरीला. पदवी तीच, विद्यापीठ तेच, मार्क कदाचित हिलाच जास्त. शिपायाच्या पदवीच्या बाजूला सरकारी नोकरी उभी आहे. सी.ए.वाल्याच्या पदवीच्या बाजूला एक मोठी परीक्षा, एक फर्म आणि बहुतेक वेळा एक शिकलेलं घर उभं आहे. तिच्या पदवीच्या बाजूला दिसतं ते फक्त दुकान. ही पदवी बाजारात किती वजनाची ठरेल, हे बऱ्याचदा तिच्या बाजूला काय उभं आहे त्यावर ठरतं. आणि बाजूला काय उभं असणार, ते तुम्ही कुठल्या घरात जन्मलात त्यावर बरंच अवलंबून असतं. वर्ग म्हणतात तो हाच. आपल्याकडे त्याला जातही चिकटलेली असते, ते वेगळं सांगायला नको.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकायला लागले. लेबर पक्षाच्या हॅरॉल्ड विल्सन यांची ती कल्पना, आणि प्रत्यक्षात आणायला झटल्या त्या खाणकामगाराची मुलगी असलेल्या मंत्री जेनी ली. ज्यांना विद्यापीठाची पायरी चढता आली नाही त्या कामकरी माणसांना संधी मिळावी, हा हेतू होता. पण पहिल्या तुकड्यांत मोठा भरणा झाला शाळामास्तरांचा. कारण त्यांच्याकडे नोकरी होती, पदवी नव्हती, आणि पदवी मिळाली की पगार वाढणार होता. म्हणजे आपल्या शिपाईदादासारखंच. जिथे पगाराच्या तक्त्यात पदवीला जागा आहे, तिथे बाहेरून केलेली पदवी चोख पैसे देते. जिथे असा तक्ताच नाही, जिथे समोरचा माणूस बघून ठरवणार आहे, तिथे ती अडखळते.

समोरचा माणूस नक्की काय बघतो?

अर्थशास्त्रात मायकेल स्पेन्स नावाचे गृहस्थ आहेत. १९७३ मध्ये त्यांनी एक साधी गोष्ट मांडली आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की नोकरी देणाऱ्याला तुम्ही किती कामाचे आहात हे आधी कळत नाही. म्हणून तो खुणा शोधतो. पदवी ही एक खूण. ही व्यक्ती अवघड गोष्ट हातात घेऊन तडीस नेते, असं ती खूण सांगते.

आता या हिशेबानं बघितलं तर नोकरी करत पदवी घेणाऱ्याची खूण सगळ्यात ठळक दिसायला हवी. सोबतीला वर्ग नाही, हजेरीची सक्ती नाही, घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही, आणि तरी पोरगी सहाच्या सहा सेमिस्टर पास झाली. यापेक्षा चिकाटीचा पुरावा काय देणार? पण बाजार ही खूण उलटी वाचतो. ‘रेग्युलरला ॲडमिशन मिळाली नसेल’, ‘हुशार नसेल’, ‘घरची परिस्थिती बरी नसेल’. आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीच्या जाहिराती बघा. कितीतरी ठिकाणी ‘फक्त फुल टाइम रेग्युलर’, ‘शिक्षणात गॅप नको’, ‘दहावीपासून सगळीकडे साठ टक्के’ अशा अटी असतात. समानतेचा नियम यूजीसीनं केलाय, पण खाजगी कंपनी आपल्या भरतीची चाळणी स्वतः लावते. हजारो अर्ज येतात, कोणाला तरी गाळायचंच असतं, आणि ‘डिस्टन्स’ हा गाळायला सोपा शब्द आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. हा संशय अगदीच हवेतून आलेला नाही. मधल्या काळात देशभर डिस्टन्सच्या नावाखाली दुकानं निघाली. एका गाळ्यात अभ्यासकेंद्र, पैसे भरा आणि पदवी घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं काही अभिमत विद्यापीठांच्या पत्राद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांवर बोट ठेवलं, आणि एआयसीटीईच्या मान्यतेशिवाय असं तांत्रिक शिक्षण चालणार नाही असं सांगितलं. त्यात हजारो लोक पोळले. आणि हेही खरं, की फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड चाळून पास होणारे लोक आहेत. असे लोक रेग्युलर कॉलेजातही आहेत, पण तिथे कॉलेजच्या नावाआड ते झाकलं जातं. चांगल्या घरच्या मुलाला हा संशय पुसून टाकायला दहा गोष्टी हाताशी असतात. आपल्या इचलकरंजीच्या मुलीकडे त्या नसतात. संशय सगळ्यांवर येतो, त्याची किंमत मात्र सगळे सारखी मोजत नाहीत.

‘एम्प्लॉयेबल’ म्हणजे काय?

हा शब्द आजकाल फार ऐकू येतो. आपली पोरं एम्प्लॉयेबल नाहीत, स्किल नाही, वगैरे. नोकरीलायक नाहीत, असं साध्या मराठीत. पण नोकरीलायक असणं म्हणजे काय काय, ते मोजायला बसलात तर त्यात कौशल्याबरोबर तीन वेगळ्याच गोष्टी निघतात.

एक, बोलणं-वागणं. इंग्रजी तर आहेच. पण हात कसा मिळवायचा, मेल कसा लिहायचा, “तुमच्याबद्दल सांगा” म्हटल्यावर कुठून सुरू करायचं, हे सगळं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणायचे. ते घरातून मिळतं. ज्या घरात बाबा ऑफिसला जातात, त्या घरातलं पोर जेवणाच्या टेबलावर ऑफिसची भाषा फुकट शिकतं. बाकीच्यांना थोडंफार हे कॉलेजात मिळतं. गॅदरिंगमध्ये, कँटीनमध्ये, प्रेझेंटेशन देताना घाम फुटतो तेव्हा. दूरशिक्षणात पुस्तक घरी येतं, कँटीन येत नाही. म्हणजे ज्याला या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच ती मिळत नाही.

दोन, ओळखी. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या लोकांना विचारलं, की तुम्हाला नोकरीची बातमी कोणाकडून कळली. ओळखीतून नोकरी लागलेल्या बहुतेकांनी सांगितलं की ती जवळच्या मित्राकडून कळलीच नाही. अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या, लांबच्या ओळखीच्या माणसाकडून कळली. का, तर जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. आता बघा, कॉलेजात तीन वर्षं बसलं की अशा शंभर लांबच्या ओळखी आपोआप होतात. सिनिअर, सिनिअरचा रूममेट, त्याची बहीण. दुकान ते घर आणि घर ते दुकान एवढंच ज्याचं आयुष्य आहे, त्याच्या ओळखी सगळ्या दुकानातल्याच राहतात.

तीन, थांबण्याची ताकद. याच्याबद्दल कोणी बोलत नाही. पहिली बरी नोकरी मिळायला चार-सहा महिने लागतात. तोवर पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेसचे पैसे भरायचे, फुकटात इंटर्नशिप करायची. ज्याच्या घरून पैसे येतात तो थांबतो आणि चांगली नोकरी घेतो. ज्याला पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठवायचेत, तो मिळेल ती घेतो. मग दोन वर्षांनी लोक दोघांचे पगार बघतात आणि म्हणतात, याच्यात टॅलेंट जास्त होतं.

हे नुसते अंदाज आहेत असं वाटत असेल तर दोन अभ्यास सांगतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, आडनावं वेगवेगळी. उच्च जातीच्या आडनावांना जितकी बोलावणी आली, तितकी दलित आणि मुस्लिम नावांना आली नाहीत. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एच.आर. मॅनेजरांशी बोलून लिहिलं. “आम्ही फक्त मेरिट बघतो” म्हणणारे हेच लोक उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ महत्त्वाची मानतात, असं त्यात दिसलं. वडील काय करतात, घरी कोण कोण आहे, भाऊ-बहिणी किती शिकल्यात. हे प्रश्न तुम्हालाही आले असतील. ‘रेग्युलर का नाही केलं’ हा प्रश्न त्याच घराण्यातला आहे. विचारतात शिक्षणाबद्दल, उत्तर काढून घेतात घराबद्दल.

आपल्या मातीतली गोष्ट

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. काम करत शिकणं ही महाराष्ट्राची परकी गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि ‘कमवा आणि शिका’ हे तर तिचं सूत्रच झालं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळी लवकरचे वर्ग ठेवले. गिरणगावातल्या रात्रशाळांनी कामगारांच्या किती पिढ्या शिकवल्या.

जयंतीच्या भाषणात आपण ‘कमवा आणि शिका’ला टाळ्या वाजवतो. आणि सोमवारी ऑफिसात तीच गोष्ट कोणाच्या सीव्हीवर दिसली की म्हणतो, रेग्युलर नाही वाटतं. दोन्ही टाळ्या आणि नकार एकाच माणसाकडून येतात, हे निदान आपण ओळखूया.

मग करायचं काय?

आता कामाचं बोलू. व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, उद्याच्या मुलाखतीला तुम्हाला उद्याच जायचंय.

पहिलं, ॲडमिशनच्या आधी तपासा. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या वेबसाइटवर कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या सत्रासाठी, कुठल्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे याची यादी असते. तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. नुसतं विद्यापीठ खरं असून भागत नाही. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, कायदा असे कोर्स दूरशिक्षणानं चालत नाहीत. २०२५ पासून त्यात सायकॉलॉजी, न्यूट्रिशन असे आरोग्याशी जोडलेले विषयही आलेत. कोणी एजंट “सगळं होतं हो, मी बघतो” म्हणाला तर पैसे खिशात ठेवा आणि उठा.

दुसरं, सीव्हीवरून काम पुसू नका. बहुतेक जण लाजेनं दुकानाची, कारखान्याची, डिलिव्हरीची नोकरी सीव्हीत लिहीतच नाहीत. मग सीव्हीवर उरते फक्त ‘बी.कॉम., डिस्टन्स’, आणि मागे तीन वर्षांची रिकामी जागा. त्या जागेत समोरचा काहीही भरतो. इचलकरंजीच्या मुलीनं लिहायला हवं: ‘कापड दुकान, बिलिंग आणि स्टॉक, ३ वर्षं. रोजची रोकड जुळवणे, जीएसटीची बिलं, सणाच्या दिवसांत दोन नवीन मुलांना काम शिकवणे.’ अकाउंट्सच्या पोस्टसाठी हे कुठल्याही कॉलेजच्या प्रोजेक्टपेक्षा कमी नाही. कामाची तारीख आणि पदवीची तारीख शेजारी शेजारी येऊ द्या. दोन्ही एकाच वेळी चालू होतं, हे वाचणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे. आणि मालकाकडून साध्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र नोकरी सोडायच्या आधी घ्या. सोडल्यावर तोच मालक फोन उचलत नाही.

तिसरं, ‘रेग्युलर का नाही’ याचं उत्तर तयार ठेवा. माफी मागायची नाही आणि घरची सगळी कहाणीही उघडायची नाही. दोन वाक्यं पुरतात. “सर, मी बारावीनंतर पूर्ण वेळ काम करत होते, म्हणून पदवी कामासोबत केली. त्यामुळे आज माझ्याकडे पदवीबरोबर तीन वर्षांचा अनुभव आहे.” एवढं बोलून थांबायचं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तर तो कामाबद्दल असेल अशी शक्यता जास्त. हे वाक्य आरशासमोर, मोबाइलवर रेकॉर्ड करून, हिंदीत, इंग्रजीत दहा वेळा म्हणा. ऐकायला सोपं वाटतं, पण ऐनवेळी घसा कोरडा पडतो.

चौथं, संपर्कसत्रं बुडवू नका. रविवारची झोप महत्त्वाची आहे, मला मान्य आहे. पण त्या वर्गात तुमच्या बाकावर बँकेतला शिपाई असतो, पंचायत समितीतला क्लार्क असतो, एखाद्या हॉस्पिटलची रिसेप्शनिस्ट असते. कॉलेजच्या पोरांकडे अशा नोकरदार ओळखी नसतात. त्यांना नंबर द्या, त्यांचे घ्या, भरती निघाली की एकमेकांना कळवा. ग्रॅनोव्हेटर म्हणतात त्या लांबच्या ओळखी तुमच्या अभ्यासकेंद्रावरच बसलेल्या असतात. समंत्रकांनाही ओळख द्या. ते बहुतेक कुठल्यातरी कॉलेजात शिकवत असतात आणि उद्या संदर्भ म्हणून त्यांचं नाव चालतं.

पाचवं, पदवीच्या शेजारी काहीतरी एक ठोस उभं करा. आपण मघाशी बघितलं, की सी.ए.वाल्याला कोणी विचारत नाही कारण त्याच्या पदवीशेजारी दुसरं काहीतरी आहे. तुमच्यासाठी ते टॅली असेल, टायपिंगची सरकारी परीक्षा असेल, ड्रायव्हिंगचं लायसन्स असेल, नीट येणारं एक्सेल असेल. दहा सर्टिफिकेटं गोळा करू नका. एकच, पण समोर बसवून करून दाखवता येईल असं.

आणि सहावं, दार निवडून ठोठवा. जिथे जाहिरातीतच ‘फुल टाइम रेग्युलर’ लिहिलंय तिथे वाद घालून फारसं काही हाती लागत नाही. सरकारी आणि बँकांच्या भरतीत मात्र पदवीवरून कोणी कागदपत्रं नाकारली, तर शांतपणे यूजीसीचं २०२२ चं पत्रक दाखवा, आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याच अडचणी आपोआप विरघळतात. छोट्या-मध्यम कंपन्या, सहकारी पतसंस्था, हॉस्पिटलं, शाळांची ऑफिसं, ट्रान्सपोर्टवाले यांना काम येणारा माणूस हवा असतो. तिथे अनुभवाला मोल जास्त मिळतं. दोन वर्षं तिथे काढली की पुढच्या मुलाखतीत पदवी कशी केली हा प्रश्न मागे पडतो.

शेवटी दोन शब्द

हे सगळं सांगितलं म्हणून असं समजू नका, की सगळी जबाबदारी तुमची एकट्याची आहे. नोकरीलायक व्हायचं ओझं प्रत्येक वेळी त्याच माणसाच्या डोक्यावर ठेवलं जातं, ज्याच्या डोक्यावर आधीच घर आहे. विद्यापीठांनी अभ्यासकेंद्रांवर प्लेसमेंटची, इंग्रजी बोलण्याच्या सरावाची, मुलाखतीच्या तयारीची सोय करायला हवी. रेग्युलर कॉलेजात ती असते, मग इथे का नको? कंपन्यांनी ‘रेग्युलर’ची अट काढून एक साधी चाचणी ठेवली तरी त्यांना चांगली माणसं मिळतील. आणि हा एपिसोड ऐकणाऱ्यांपैकी जे आज मुलाखत घेणाऱ्या खुर्चीत बसलेत, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी सीव्हीवर ‘डिस्टन्स’ दिसलं तर ‘रेग्युलर का नाही’ ऐवजी “काम आणि अभ्यास दोन्ही कसं जमवलंत?” असं विचारून बघा. समोरचा माणूस सरळ बसून बोलायला लागेल. तुम्हाला जे हवं होतं ते सगळं त्या उत्तरात मिळेल.

आणि ज्यांची परीक्षा आता तोंडावर आहे, त्यांनी मोबाइल बाजूला ठेवा आणि पुस्तक उघडा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या.